वरून आलेलं कापड

काशिरामकाका कोळी मोऱ्याच्या कोळीवाड्यातून नवीन पनवेलला मुलाकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. हात मात्र अजून नोकरीवर होते. चाळीस वर्षं मासेमारी केलेला माणूस. होडीत चढता येईना तेव्हा धनेश, त्यांचा मुलगा, म्हणाला, "बाबा, आता पुरे. आमच्याकडे चला." धनेश बंदरातल्या एका कंटेनर कंपनीत आणि सून मनिषा शाळेत शिक्षिका. दोघं सकाळी सातला बाहेर पडत आणि संध्याकाळीच घरी दिसत. भामाकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, आठवड्याभरात सोसायटीतलं भजनी मंडळ सापडलं. काका उरले पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, कबुतरांच्या सोबतीला.

कबुतरांनी मनिषाला जेरीस आणलं होतं. तिने जाळी लावणाऱ्या माणसाला फोन केला, तो काकांनी ऐकला.

"जाळं?" काका म्हणाले. "कोल्याच्या घरात जाळं इकत आनायचं?"

मोऱ्याहून दोरा आला, विणायची लाकडी सुई आली, आणि दहा दिवसांत जाळं तयार झालं. अडचण एवढीच, की सपाट जाळं विणायची काकांच्या हाताला सवय नव्हती. जाळं म्हटलं की त्याला पोट हवं. ते गॅलरीतून चांगलं दोन-अडीच फूट बाहेर येऊन लोंबत होतं. सोसायटीचे सेक्रेटरी सत्यजीत मोकल खाली उभे राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

"काका, बिल्डिंगची शोभा जाते हो."

"कबुतरं पन जातात," काका वरून म्हणाले. सत्यजीतराव निघून गेले.

जाळं संपल्यावर हात पुन्हा रिकामे. काकांनी पडदे शिवले, मनिषाच्या पर्सचा बंद शिवला, धनेशचे फाटके मोजे शिवले. ते मोजे घालून धनेश दिवसभर लंगडत होता. शेवटी भामाकाकूंनी मोऱ्याहून आणलेली जुनी गोधडी त्यांच्यापुढे टाकली. "हिला बगा, आनि माजा पिच्छा सोडा."

ही गोधडी काकांनी तीस वर्षं अंगावर घेतली होती, पण बघितली कधीच नव्हती. आता चष्मा लावून बघितली, तर आत कापडावर कापड, कडेने दुमड, आणि सगळ्यांतून आरपार गेलेला साधा धावदोरा. बारीक, एकसारखा, कडेपासून सुरू होऊन चौकोनात फिरत मध्यापर्यंत गेलेला. त्यांच्या आईने घातलेला. काका संध्याकाळपर्यंत तिच्यावरून बोट फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती नीट केली, आणि तिसऱ्या दिवशी नवी करायला घेतली.

कापड लागणार होतं. आपले दोन शर्ट आणि भामाकाकूंची दोन जुनी लुगडी एवढ्यात मागचा थर झाला. पुढचा रंगीत थर कशाचा करायचा? काका घरातल्या माणसांकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले.

"हा कुडता जुना झाला काय गं?" त्यांनी मनिषाला विचारलं.

"बाबा, मागच्या दिवाळीचा आहे."

चार दिवसांनी पुन्हा, "आता?"

मनिषाने कपाटाला कुलूप लावलं.

आणि मग एप्रिलमधल्या एका दुपारी खाडीकडून वारा सुटला आणि जाळ्याच्या पोटावर एक गाऊन येऊन पडला. केशरी, त्यावर पांढरी मोठी फुलं. काकांनी वर बघितलं. सहा मजले, चोवीस गॅलऱ्या, प्रत्येकीत दोऱ्या आणि दोऱ्यांवर कपडे. कुणाचा म्हणून समजायचं? प्रत्येक मजला चढून विचारायचं म्हटलं तर गुडघे. काकांनी स्वतःपुरता एक नियम केला. गाऊन जाळ्याला चिमटा लावून तीन दिवस बाहेर टांगायचा. ज्याचा असेल त्याने खाली बघावं, हाक मारावी, घेऊन जावं.

तीन दिवस गाऊन झेंड्यासारखा फडफडला. कुणी खाली बघितलं नाही. वरच्या मजल्यावरचे लोक बघतात ते समोरच्या टॉवरकडे, नाहीतर विमानतळावर उतरणाऱ्या विमानांकडे. चौथ्या दिवशी काकांनी कात्री घेतली.

त्यानंतर वाऱ्याने त्यांना काही कमी पडू दिलं नाही. एक शाळेच्या गणवेशाचा पिनो, म्हणजे बिनबाह्यांचा फ्रॉक. एक हिरवा परकर. जांभळी, बाटिकची ओढणी. अर्धा टेबलक्लॉथ, उरलेला अर्धा वर कुठे राहिला कोण जाणे. आणि मेच्या सुरुवातीला एक ढगळ हाफ पँट, आकाशी रंगाची, जिच्यावर पिवळी बदकं छापलेली होती. ती चिमट्याला लावून काका तीन दिवस अस्वस्थ होते. एवढं सुंदर कापड, कुणीतरी नक्की न्यायला येणार. कुणी आलं नाही. काकांनी एकेक बदक चोच न कापता सुटं केलं आणि गोधडीच्या मधोमध गोल लावलं. सगळी एकाच दिशेने पोहत निघाली.

"बायकांचं काम," भामाकाकू भजनाला जाता जाता म्हणायच्या. पण आल्यावर आधी किती झालं ते बघायच्या, आणि "ह्यो निळा हितं नको, तितं" असंही सांगायच्या.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोवर वादळ उठलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या किशोरीताईंनी सुरुवात केली, 'माझा केशरी गाऊन कुणी पाहिला का?' मग पिनो, मग परकर. सत्यजीतरावांनी लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लावली, 'कपडे चोरीबाबत सर्व सभासदांनी सतर्क राहावे.' गेटवर एक आणि गच्चीवर एक असे दोन कॅमेरे बसले. कॅमेऱ्यांत सहा आठवड्यांत एक मांजर आणि स्वतः सत्यजीतराव एवढेच दिसले. काकांकडे व्हॉट्सअॅप नव्हतं आणि पहिल्या मजल्यासाठी ते लिफ्ट वापरत नसत, त्यामुळे नोटीसही त्यांनी वाचली नाही. धनेश-मनिषाला कपडे जातात हे ठाऊक होतं. पण ते कपडे आणि बाबांचं घरातलं दिवसभराचं शिवणं दोघांनीही कधी एका ओळीत मांडून बघितलं नाही. त्यांच्या लेखी बाबा चिंध्या शिवत होते.

जून लागायच्या आत काकांनी तयार गोधडी ऊन दाखवायला गॅलरीच्या कठड्यावर टाकली, आणि खालून समृद्धी गेली.

समृद्धी तिसऱ्या मजल्यावरची. बँकेतली नोकरी सोडून गोधडीचे वर्ग घ्यायची, आणि दर वर्षी जुन्या पनवेलमधल्या एका मंगल कार्यालयात गोधड्यांचं प्रदर्शन भरवायची. ती खाली थबकली, वर बघत राहिली, आणि जिने चढून थेट काकांच्या दारात आली.

"काका, ही तुम्ही शिवलीत?"

"हां. का? काय चुकलं?"

तिने गोधडी हातात घेतली, उलटी केली, टाके बघितले. मग जांभळ्या तुकड्यावर तिचं बोट जरा जास्तच वेळ थांबलं.

"कापड कुठून आणलंत?"

"वरून आलं," काका खरं तेच म्हणाले.

समृद्धी त्यांच्याकडे बघून हसली. "मला ही प्रदर्शनात हवी आहे. नाही म्हणू नका."

"आमची गोधडी? लोक हसतील."

"हसू देत. तीन दिवस टांगायची, एवढंच."

तीन दिवस टांगणं काकांच्या नियमात बसत होतं. ते हो म्हणाले.

प्रदर्शनात प्रत्येक गोधडीला नाव आणि शेजारी कलावंताचं मनोगत हवं होतं. काका नाव सांगायचे ते फक्त "गोधडी." शेवटी समृद्धीने स्वतःच कार्ड लिहिलं. 'शीर्षक : वरून आलेलं. कलावंत म्हणतात, मी कापड निवडत नाही. ते वरून येतं. मी फक्त जाळं लावतो.' काकांनी वाचलं. एक अक्षर खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून भामाकाकूंबरोबर रिक्षाने गेले आणि दारातच थांबले. हॉलभर दोऱ्या बांधून बेचाळीस गोधड्या टांगल्या होत्या. लुगड्यांच्या, धोतरांच्या, रेशमी साड्यांच्या, एक जीन्सच्या खिशांचीच, एक नुसती पांढरी आणि तिच्यावर पांढराच दोरा. काकांना आजवर वाटत होतं की हा वेडेपणा जगात आपल्या एकट्याचाच आहे. ते एकेका गोधडीपुढे उभे राहून नाक कापडाला टेकेपर्यंत वाकत होते. 'कृपया हात लावू नये' असं सगळीकडे लिहिलं होतं, म्हणून हात पाठीमागे बांधलेले. एका बाईने खाकी गणवेशाची गोधडी केली होती. काकांनी तिला विचारलं, एवढ्या जाड कापडातून सुई कशी नेली? तिने सांगितलं, सुई आधी साबणात खुपसायची. काकांचा चेहरा असा उजळला की भामाकाकूंना विचारावं लागलं, "बरं वाटतंय ना तुमाला?"

स्वतःच्या गोधडीपाशी पोहोचले तेव्हा एक ठेंगणी म्हातारी तिचा कोपरा वर करून मागची बाजू बघत होती.

"ओ, हात नाय लावायचा," काका म्हणाले.

"कागद वाचता येत नाय मना," ती म्हणाली. "आनि गोधडी उलटी करूनच बगायची असते. म्होरून कंची पन चांगली दिसते." ही ओवे गावची गोदूबाई. तिच्या दोन गोधड्या पलीकडे टांगलेल्या होत्या. "टाका झ्याक हाय. पन कोपरा चुकलाय. हितं कापड गोला झालंय. कुनी शिकवला?"

"कुनी नाय."

"म्हनून."

चाळीस वर्षांत काकांना कुणी असं तोंडावर बोललेलं नव्हतं. त्यांना ते फार आवडलं. ते विचारणार होते की कोपरा कसा घ्यायचा, तेवढ्यात दारात गलका झाला. आपल्या काकांचं कौतुक करायला सोसायटी आली होती. पुढे सत्यजीतराव, हातात पुष्पगुच्छ. मागे त्यांची बायको, किशोरीताई आणि आणखी पंधराएक जण. त्याच वेळी पुण्याहून आलेल्या परीक्षकबाई समृद्धीबरोबर काकांच्या गोधडीपुढे येऊन उभ्या राहिल्या. सगळे गोल करून ऐकू लागले.

परीक्षकबाईंनी कार्ड वाचलं आणि क्षणभर डोळे मिटले.

"वरून आलेलं," त्या म्हणाल्या. "किती मोठी गोष्ट किती साधेपणाने सांगितली आहे! मी निवडत नाही, मी फक्त जाळं लावतो. ही शरणागती आहे. आणि मध्यभागी ही बदकं बघा. पाण्यात राहून कोरडा राहणारा जीव. निळ्या अवकाशात फिरणारा आत्माच हा."

सत्यजीतराव बदकांकडे बघत होते. त्यांच्या हातातला पुष्पगुच्छ हळूहळू खाली येत होता.

"अहो," त्यांची बायको म्हणाली, "हा आत्मा तर तुमचा..."

"गप्प बस," सत्यजीतराव ओठ न हलवता म्हणाले.

"पण ही बदकं तर मी स्वतः..."

"घरी गेल्यावर बोलू!"

तोवर किशोरीताई पुढे झाल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा माझा गाऊन आहे!"

मग धरण फुटलं. "आमच्या रियाचा पिनो!" "माझा परकर, ही बघा नाडीची खूण!" "टेबलक्लॉथ! उरलेला अर्धा आहे घरी, आणून दाखवते!" जो तो गोधडीवर बोट ठेवून उभा. हात लावू नये, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. परीक्षकबाईंना वाटलं, हा प्रेक्षकांशी संवाद साधणारा काही प्रयोग असावा, आणि त्या टिपून घेऊ लागल्या. एवढ्यात मागून कुणीतरी तो शब्द म्हणालं, "म्हणजे चोर घरातच होता."

काकांचा चेहरा उतरला. ते गोधडीपुढे आले.

"आमी चोरी नाय केली," ते म्हणाले. "वाऱ्यानं आनलं, जाल्यात पडलं. तीन तीन दिस बाहेर टांगून ठेवलं, चिमटा लावून. कुनी खाली बगितलं नाय. माजा गुडघा धड असता तर दारोदार दिलं असतं." त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली. "ज्याचं त्याला देतो. आत्ताच उसवतो."

आणि खरंच त्यांनी केशरी फुलाच्या कडेचा टाका कापला.

"अहो, अहो!" किशोरीताई किंचाळल्या आणि त्यांनी काकांचं मनगट धरलं. "काय करताय? मला काय करायचाय तो तुकडा? ते फूल बघा किती छान बसलंय तिथं. माझ्या अंगावर कधी एवढं खुललं नव्हतं."

"नाय, चोर म्हनले मना."

"कोन म्हनलं? म्होरं या!" भामाकाकू वळल्या. मोऱ्याच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकलेली बाई, तिचा आवाज ऐकून जीन्सच्या गोधडीमागचे लोकही पुढे आले. "ह्या मानसानं दुसऱ्याच्या जाल्यातला बोंबील कधी उचलला नाय. चोर म्हने!"

म्हणणारा पुढे आला नाही. गोदूबाईने मात्र गोधडी पुन्हा उलटी केली आणि सगळ्यांना मागची बाजू दाखवली. "बगा. येवढा बारीक टाका घालाया चोराला येल असतो काय?"

कुणीतरी हसलं. समृद्धी पुढे झाली. "खरं सांगू? हे जांभळं बाटिक माझी ओढणी आहे. मी पहिल्याच दिवशी ओळखली."

"मग बोलली का नाहीस?" सत्यजीतराव भडकले. "आम्ही दोन कॅमेरे बसवले!"

"बोलले असते तर काकांनी अशीच उसवायला घेतली असती. आणि मला गोधडी हवी होती." ती जरा ओशाळली. "मला वाटलं माझी एकटीचीच आहे. सगळी बिल्डिंग असेल असं नव्हतं वाटलं."

आता सगळे सत्यजीतरावांकडे बघू लागले. सेक्रेटरी या नात्याने त्यांनी काहीतरी बोलणं भाग होतं. त्यांनी घसा साफ केला. "सोसायटीच्या वतीने," ते म्हणाले, "ज्या सभासदांचं कापड यात आहे त्यांची तक्रार नसेल, तर प्रकरण मिटलं असं समजावं."

"आणि बदकं?" किशोरीताईंनी विचारलं. "बदकं कुणाची ते नाही कळलं."

"बदकं बेवारस आहेत," सत्यजीतराव घाईघाईने म्हणाले आणि पुष्पगुच्छ काकांच्या हातात कोंबला.

परीक्षकबाईंना मग हळूहळू सगळं कळत गेलं. वरून म्हणजे चौथ्या मजल्यावरून, हे समजल्यावर त्यांनी आपली टिपणं पर्समध्ये ठेवली आणि पहिलं बक्षीस खारघरच्या एका मोराच्या गोधडीला दिलं. मोर चांगला होता, काकांनीच जाऊन सांगितलं. त्यांना सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर नाव 'काशीबाई कोळी' असं छापलेलं होतं. भामाकाकू त्यावर दोन दिवस हसत होत्या.

पण उरलेले दोन दिवस गर्दी काकांच्याच गोधडीपाशी होती. सोसायटीतली माणसं पाहुण्यांना घेऊन येत आणि आपला तुकडा दाखवत. किशोरीताईंनी तर बहिणीला कळंबोलीहून बोलावून घेतलं. समृद्धीने कार्डाखाली एक कागद चिकटवला आणि कोणता रंग कोणत्या फ्लॅटचा ते लिहिलं. बदकांपुढे जागा रिकामी होती. तिसऱ्या दिवशी तिथे कुणीतरी पेन्सिलीने 'ए-५०२' लिहिलं. अक्षर सत्यजीतरावांच्या बायकोचं होतं.

काकांना लोकांच्या कौतुकापेक्षा गोदूबाईचं बोलणं जास्त मोलाचं वाटलं होतं. शेवटच्या दिवशी गोधडी उतरवताना त्यांनी तिला गाठलं. "तो कोपरा शिकवशील काय?"

"बुधवारी ये ओव्याला. सुई आन, कापड मी देन."

बुधवारी काका पिशवी घेऊन निघाले, तर भामाकाकू लुगडं बदलून तयार.

"तुला शिकायचंय?"

"मना कशाला? कोन ती गोदूबाई, जरा बगून येते." बोलता बोलता त्यांनी सुक्या बोंबलांची पुडी पिशवीत टाकली.

ओव्याला गोदूबाईच्या ओटीवर बसल्यावर भामाकाकूंनी सगळीकडे नजर फिरवली. मग पुडी पुढे केली. गोदूबाईने वास घेतला, विचारलं, कुठल्या दांडीवर वाळवलेले? भामाकाकूंनी सांगितलं. तिथून बाजाराचा विषय निघाला, बाजारातून सुनांचा, सुनांवरून विमानतळाला गेलेल्या जमिनीचा. काका सुईत दोरा ओवून थांबले होते. तासाभराने त्यांनी विचारलं, "कोपरा?"

"थांबा ओ," दोघी एकदम म्हणाल्या.

काकांनी समोर पडलेली गोदूबाईची अर्धवट गोधडी मांडीवर घेतली, तिचा टाका जिथे थांबला होता ती जागा शोधली, आणि तिथून पुढे शिवायला सुरुवात केली.